कोक्याच्या वाटेवर अठ्ठेचाळीस मिनिटे

मे २०१८ मध्ये मी बँकेतून निवृत्त झालो. सहकाऱ्यांनी दिलेला हार, शाल आणि चांदीचे ताट घेऊन घरी आलो, त्याच पिशवीत शालीच्या घडीखाली एक लिफाफाही होता. तीन महिन्यांपूर्वी मला मिळालेले आरोपपत्र त्यात होते. निरोपसमारंभात त्याचा उल्लेख कोणी केला नाही. सर्वांना ते ठाऊक होते, आणि सर्वांना ते ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होते.

प्रकरण धानाचे होते. आपल्या मासिकाच्या वाचकांना कॅश क्रेडिट म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माल व्यापाऱ्याच्याच गोदामात राहतो, त्याच्याच कुलपात राहतो, बँकेचा त्यावर केवळ हक्क असतो. या व्यवहाराला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे : नजरगहाण. माल ताब्यात नाही, पण नजरेत आहे. म्हणजे सारा भरवसा त्या नजरेवर. आमच्या भंडारा जिल्ह्यात खरीप निघाल्यावर गोदामे धानाच्या कट्ट्यांनी छतापर्यंत भरतात. अशाच एका गोदामाच्या पाहणीसाठी मी डिसेंबरातील एका दुपारी गेलो. व्यापारी ओळखीचा. पुढे दुसरी बैठक होती. बाहेरून थप्पीची लांबी, रुंदी, उंची मोजली, गुणाकार केला, स्टॉक स्टेटमेंटशी आकडा जुळला, चहा घेतला आणि निघालो. सर्व मिळून दहा मिनिटे लागली असतील. पुढे खाते बुडीत झाले आणि थप्पी उतरवली गेली, तेव्हा बाहेरच्या दोन रांगांतच धान निघाले. आतील कट्ट्यांत कोंडा भरलेला होता.

माझ्यावर लाचेचा आरोप नव्हता, हे येथे स्वच्छपणे सांगतो. आरोप होता निष्काळजीपणाचा. परंतु छत्तीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या ताळेबंदातील चुका शोधल्या, त्याला ‘निष्काळजी’ हा शब्द लाचेपेक्षा कमी बोचत नाही. ग्रॅच्युइटी अडकली, निवृत्तिवेतन तात्पुरते म्हणून मिळू लागले, आणि चौकशी सुरू राहिली.

त्या वर्षी माझी झोप गेली. रात्री तीनच्या सुमारास जाग यावी, आणि पहाटेपर्यंत मनात त्या गोदामाच्या फेऱ्या व्हाव्यात. रक्तदाब वाढला. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि रोज चालण्यास सांगितले. मी सकाळी मैदानावर जाऊ लागलो. तेथे मी फेऱ्या मोजत असे, पावले मोजत असे आणि घरी येऊन ते आकडे वहीत लिहीत असे. सवय जात नाही. त्यातच प्रत्येक फेरीत कोणीतरी भेटे आणि सहानुभूतीच्या स्वरात विचारी, “काय झालं मग त्या प्रकरणाचं?” विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसे, पण घरी परतताना छाती अधिकच धडधडत असे.

जेथे मला कोणी ओळखत नाही अशी जागा हवी होती. एवढ्याच कारणासाठी मी ऑक्टोबरातील एका सकाळी स्कूटर कोक्याच्या रस्त्याला लावली. निसर्गप्रेम वगैरे काही मनात नव्हते.

कोका अभयारण्य भंडारा शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर आहे. २०१३ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आकारास आलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा ते आता भाग आहे. आत पायी फिरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. परंतु अभयारण्याच्या सीमेबाहेर, गावांच्या शिवाराला लागून, झुडपी जंगल, गाडीवाटा आणि जुने तलाव आहेत. अशाच एका गावाबाहेर, तलावाच्या पाळीजवळ मी स्कूटर लावली आणि चालू लागलो. अर्थातच मैदानावरच्या वेगाने.

वाटेत एक वृद्ध गृहस्थ भेटले. आयुष्यभर वन विभागात रोजंदारीवर मजुरी केलेले, आता बकऱ्या राखणारे. थोडा वेळ ते माझ्या मागून चालले. मग म्हणाले, “साहेब, तुमी लय जोरानं चालता. जंगल मांगं राहून जाते.”

मी थांबलो. त्या वाक्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते बाबाजी पुढे मला अनेकदा भेटले. त्यांच्यासोबत चालायचे म्हणजे पन्नास पावलांना पाच मिनिटे. ते मुद्दाम थांबत नसत, पाहण्यासारखे काही दिसले की पाय आपोआप थांबत. हा ऐन, याच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोन असतात. हा धावडा, याची साल गुळगुळीत. हा कुलू, पांढराफटक, चांदण्या रात्री माणूस उभा असल्यासारखा दिसतो. हे अस्वलाने उकरलेले वारूळ. ही माती रात्री उकरली, अजून ओली आहे. त्यांनी मला कधी श्वासावर लक्ष ठेवा म्हणून सांगितले नाही. पण त्यांच्या गतीने चालताना श्वास आपोआप संथ होई.

आता जे सांगायचे आहे, ते ऐकून काही वाचक हसतील. त्याच महिन्यातील एका सकाळी मी एकटाच होतो. रात्री दव पडले होते. हलके धान कापणीला आलेले, भारी धान अजून हिरवे. तलावाच्या पाळीवरील गवतात कोळ्यांनी जाळी विणली होती आणि प्रत्येक धाग्यावर दवाचे थेंब होते. पाऊल टाकणार, तोच खाली पाहिले, तर मुंग्यांचे वारूळ आणि त्याभोवती त्यांनी बाहेर आणून टाकलेल्या बियांची टरफले. शेजारी दगडावर शेवाळ. त्यापलीकडे ओला चिखल, त्यात कुठल्याशा पाखराच्या पायांचे ठसे. पाय उचललेलाच राहिला, आणि मनात एकदम इरियावहियं सूत्र उमटले.

लहानपणापासून मी ते म्हणत आलो आहे. सामायिकाच्या आरंभी, प्रतिक्रमणात, किती हजार वेळा म्हटले असेल याचा हिशेब नाही. जाता-येताना माझ्याकडून ज्या जीवांना पीडा झाली त्यांची त्यात आलोचना आहे. आणि कशाकशावर पाय पडला असेल याची जी यादी तेथे येते, ती अशी : बी, हिरवे अंकुर, दव, मुंग्यांची बिळे, शेवाळ, ओली माती, कोळ्याचे जाळे. मी ती यादी घोकली होती. अर्धमागधी उच्चार शुद्ध यावेत म्हणून वडिलांनी कान पिळला होता. परंतु स्थानकाच्या फरशीवर बसून म्हणताना त्यातील एकही वस्तू माझ्या डोळ्यांसमोर कधी आली नव्हती. त्या सकाळी ती सर्वच्या सर्व, जवळजवळ त्याच क्रमाने, माझ्या एका पावलाखाली होती.

ज्याने ती यादी केली, त्याने हे पाहिले होते. जमिनीकडे असे पाहणारा माणूस किती सावकाश चालत असेल, याची मला त्या क्षणी प्रथमच कल्पना आली. साधूंची ईर्यासमिती, म्हणजे चार हात पुढची जमीन पाहत चालणे, हा नियम मी आजवर एक निर्बंध समजत होतो. ती पाहण्याची रीतही आहे, हे मला साठाव्या वर्षी, एका तलावाच्या पाळीवर कळले.

त्यानंतर आठवड्यातून दोन सकाळी मी तेथे जाऊ लागलो. पाळीवर एका मोहाखाली सामायिकाइतकाच वेळ, म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटे बसायचे. आधी वीस-पंचवीस मिनिटे सावकाश चालणे. फोन स्कूटरच्या डिकीत. एवढाच कार्यक्रम.

नंतर वाचनात आले की, मी जे करीत होतो त्याला जगात नाव आहे. जपानी भाषेत ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान. तेथील वन विभागाचे तत्कालीन प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी १९८२ मध्ये हा शब्द रूढ केला. त्या काळी जपानमध्ये शहरातील नोकरदार अतिश्रमाने खचत होते आणि दुसरीकडे देशाची बरीच भूमी वनाच्छादित होती. लोकांनी वनात यावे, वनांचेही महत्त्व टिकावे, असा दुहेरी विचार त्यामागे होता. पुढे तोक्यो येथील निप्पॉन मेडिकल स्कूलमधील डॉ. किंग ली यांनी शहरातील नोकरदारांना तीन दिवस जंगलात नेऊन त्यांच्या रक्ताची तपासणी केली. रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पेशींची क्रियाशीलता वाढलेली आढळली. झाडे कीड-बुरशीपासून बचावासाठी जी सुगंधी द्रव्ये हवेत सोडतात, ज्यांना फायटोनसाइड म्हणतात, त्यांचा यात वाटा असावा असे त्यांचे मत आहे. मी बँकेचा माणूस असल्याने त्या पहिल्या प्रयोगात माणसे किती होती हे आधी पाहिले. अवघे बारा पुरुष. बारा खात्यांवरून मी कधी शाखेचा अंदाज बांधला नसता, म्हणून या निष्कर्षाकडे आदराने, पण हात राखून पाहतो.

मला अधिक पटला तो त्याहून जुना एक अभ्यास. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. तेवीस-तेवीस रुग्णांच्या जोड्या लावल्यावर असे दिसले की, झाडे पाहणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा लेख १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. येथे कोणी कोणाला जंगलात नेले नव्हते. जुन्या नोंदवह्याच बोलल्या, आणि जुन्या नोंदवह्यांवर माझा विश्वास आहे. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असेही मांडले गेले की, आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालविणारे लोक स्वतःचे आरोग्य व समाधान अधिक चांगले असल्याचे सांगतात. दोन तास एकदम की थोडे थोडे, याने फरक पडत नव्हता. दुकान सांभाळणाऱ्यांसाठी ही शेवटची गोष्ट महत्त्वाची.

परंतु जपानपर्यंत जाण्याची गरज मला तरी वाटत नाही. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नवेगाव आणि नागझिरा हे सारे आमच्या भंडारा जिल्ह्यातच होते. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ याच नावाचे पुस्तक लिहिले. पक्षितज्ज्ञ किरण पुरंदरे तेथे चारशे दिवस राहिले. त्यांचे ‘सखा नागझिरा’ प्रसिद्ध आहे. आणि मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावच्या परिसरात दीर्घ काळ काढला. ते मूळचे सोलापूरचे, पण मराठी वाचकाच्या मनात ते आमच्याच झाडीपट्टीचे. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. ही माणसे वाघाच्या मागे धावली नाहीत. एका जागी बसून राहिली. आज प्रवासी येतात ते जीपमधून, आणि वाघ दिसला नाही तर पैसे वाया गेले म्हणून परततात. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला, तेव्हा पवनीच्या बाजूला केवढी गर्दी होऊ लागली होती! २०१६ पासून तो दिसेनासा झाला आणि गर्दीही ओसरली. झाडे होती तेथेच होती.

घरी मात्र माझ्या या उपक्रमाला विरोध होता. सौ. चे म्हणणे असे : “अहो, ओल्या गवतावरून चालता, किती जीव चिरडले जात असतील! त्या जीवांना तुडवून तुम्ही स्वतःच्या मनाला शांती आणता, हे कोणत्या हिशेबात बसतं?”

मी प्रथम चिडलो. मग लक्षात आले की, या प्रश्नाचे उत्तर डॉ. ली यांच्या लेखात सापडणार नाही. आपले साधु-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात ते याच कारणाने. पावसाने जमीन जीवांनी भरून जाते. आणि ज्याला आपण अनर्थदंड म्हणतो, म्हणजे प्रयोजनावाचून केलेली हिंसा, त्यात जाता जाता पाने तोडणे, गवत उपटणे हेही येतेच. निसर्गाच्या सान्निध्यात गेलेला माणूस हमखास हेच करतो. एक डहाळी मोडतो, एक दगड पाण्यात फेकतो.

बऱ्याच चर्चेनंतर आमच्यात एक तह झाला. चालायचे ते बैलगाड्यांनी मळलेल्या वाटेवरूनच, गवतात उतरायचे नाही. काहीही तोडायचे नाही, पडलेले फूलही उचलायचे नाही. आणि आषाढी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जाणे बंद. त्या चार महिन्यांत मी घराच्या मागच्या ओसरीत, कडुनिंबासमोर बसतो. पाऊस पाहत बसणे हेही काही कमी नाही. हा तह पाळताना मला माझ्या वयाच्या माणसांत न आढळणारा एक लाभ झाला : जंगलात गेल्यावर हात काय करावेत हे न कळणे हळूहळू थांबले.

आता त्या चौकशीकडे परत येतो, कारण ती सोडून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२०१९ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर चौकशीचे कामकाज संपले आणि लेखी बचाव सादर करावयाचा होता. गोदामाच्या पाहणीला माझ्यासोबत एक तरुण क्षेत्र अधिकारी होता. नोकरीत नवा. पाहणी अहवालावर पहिली सही त्याची, खाली माझी. मी बचावाचा मसुदा तयार केला. त्यातील चौथ्या परिच्छेदात अत्यंत सभ्य, अत्यंत निर्दोष भाषेत असे म्हटले होते की, प्रत्यक्ष मोजणीची प्राथमिक जबाबदारी क्षेत्र अधिकाऱ्याची असते आणि शाखाधिकारी त्याच्या अहवालावर विसंबतो. नियमावलीतील कलमाचा आधार दिला होता. वकिलांना तो परिच्छेद फार आवडला. “हाच तुमचा कणा आहे,” असे ते म्हणाले.

मसुदा पाठविण्याच्या आदल्या दिवशी मी पाळीवर जाऊन बसलो. मार्चअखेर होती. पळसाचा बहर ओसरत आला होता, कुसुमाला तांबडी पालवी फुटली होती, आणि माझ्या मोहाखाली रात्रभर फुले पडून त्यांचा गोडसर, आंबूस वास दाटला होता. पहाटेच गावातील बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या आणि वाकून एकेक फूल वेचीत होत्या. मी काही वेळ त्यांच्याकडे पाहत होतो. त्या घाई करीत नव्हत्या, पण एकही फूल सोडीत नव्हत्या. पानाखाली दडलेले फूलही त्यांच्या बोटांना सापडे.

पहिला अर्धा तास मी मनात बचाव पाठ करीत होतो. चौथा परिच्छेद पुनःपुन्हा. मग तो संपला. म्हणजे शब्द संपले, आणि त्यांच्या मागे ते गोदाम दिसू लागले, जसे त्या दुपारी होते तसे. तो मुलगा थप्पीवर चढण्यासाठी शिडी मागत होता. मी घड्याळ पाहिले होते आणि म्हटले होते, “राहू दे रे, ओळखीचे आहेत.” तो शब्द माझा होता. चौदा महिने मी ते गोदाम दररोज पहाटे तीन वाजता पाहत होतो, पण शिडी मला एकदाही दिसली नव्हती.

घरी येऊन मी चौथा परिच्छेद काढून टाकला. वकील नाराज झाले. निकाल यायला आणखी दीड वर्ष गेले. माझ्यावरील ठपका कायम झाला, आणि दोन वर्षे निवृत्तिवेतनातून काही भाग कापला गेला. समाजात थोडे बोलले गेले. तो मुलगा सौम्य ताकिदीवर सुटला, आणि आज तो दुसऱ्या जिल्ह्यात शाखाधिकारी आहे. शिडीची गोष्ट त्यालाही आठवत असणार. दिवाळीला त्याचा फोन येतो, आम्ही हवापाण्याचे बोलतो.

जंगलाने मला निर्दोष ठरविले नाही. झोप परत आली ती निकालानंतर नव्हे, त्या मार्चनंतर, एवढेच सांगू शकतो. रक्तदाबाची गोळी आजही सुरू आहे आणि डॉक्टरांना न विचारता ती बंद करण्याचा मूर्खपणा कोणी या लेखाच्या आधारे करू नये.

तुमसर, साकोली, लाखनी, पवनी येथील आपली कुटुंबे पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसतात. अलीकडे तरुण व्यापाऱ्यांच्या घरी मी जातो, तेव्हा जीएसटी, ऑनलाइन विक्री, उधारीची वसुली यांचा ताण त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि त्यांच्या पत्नींच्या चेहऱ्यावर अधिक. त्यांना एवढेच सुचवितो की, बाजार बंद असेल त्या दिवशी सकाळी दोन तास काढावेत. आमच्या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने आणि त्या काळच्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि लोक त्यांना लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. मामाच्या घरी जाण्यास पत्रिका लागत नाही. तुमसरकरांना गायमुख आणि आंबागड जवळ आहेत. मात्र एकट्याने जंगलात खोल शिरू नये. मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या दिवसांत पहाटे अस्वल, बिबट्या, प्रसंगी वाघही गावालगत असतो, आणि दरवर्षी फुले-पाने वेचणाऱ्या गरिबांवर हल्ले होतात. आपल्यासाठी जे वनस्नान आहे, ती त्यांची रोजीरोटी आहे, आणि कधी कधी तिची किंमत फार मोठी असते. गावातील माणसाला विचारून, त्याच्या सल्ल्याने बसावे. माकडांना खाऊ घालू नये. त्याला आपण दया समजतो, पण त्याने ती माकडे रस्त्यावर येतात आणि गाडीखाली मरतात. उकळलेले पाणी घरून न्यावे आणि बाटली घरी परत आणावी.

गेल्या मार्गशीर्षात, बऱ्याच वर्षांच्या नकारानंतर, सौ. माझ्यासोबत आली. आसन, मुहपत्ती, पूंजणी सर्व घेऊन. मोहाखाली पोहोचल्यावर मी नेहमीप्रमाणे बसलो. ती उभीच. पूंजणीने तिने जमीन हलकेच झाडली, वाकून पाहिली, पुन्हा झाडली, मग आसन दोन हात बाजूला नेले. तेथेही काही दिसले असावे, कारण तेथूनही उचलले. तिसऱ्या जागी तिने एक किडा पूंजणीच्या टोकावर घेऊन बाजूच्या पानावर सोडला आणि तो चालू लागेपर्यंत पाहत राहिली. यात पाव तास गेला. मी डोळे मिटून शांत होण्याचा प्रयत्न करीत होतो आणि अधूनमधून चोरून तिच्याकडे पाहत होतो. घरात ती हे रोजच करते, चुलीजवळ, धान्य निवडताना, पाणी गाळताना. मी चाळीस वर्षे त्याला वेळखाऊपणा म्हणत आलो होतो.

दोन घटका झाल्यावर तिने सामायिक पारले, आसनाची घडी घातली. तलावावर ऊन चढले होते. पाणबदकांचा एक थवा मध्यभागी तरंगत होता, त्याविषयी ती काहीच बोलली नाही. स्कूटरकडे येताना एवढेच म्हणाली, “पुढच्या वेळी त्या वळणापलीकडे बसू. इथं मुंग्यांची वाट आहे, आपण त्यांच्या मधे येतो.”